दोरीवरचं शेवटचं चित्र

दिवाळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. सकाळची शाळा आटोपून घरी आलो, तर व्यंकू दारात उभा. काखेत जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेली एक गुंडाळी. आमचं बोलणं बंद होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी चपला काढण्यात उगाच वेळ घालवला. तो नेहमीसारखा या पायावरून त्या पायावर होत होता आणि उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत होता... सुताला पीळ देत असल्यासारखा. ही त्याची लहानपणापासूनची खोड. "ह्ये गेल्या दोरीचं शेवटचं," तो म्हणाला. "न्यायला आला न्हाईस, म्हणून आणलं. संक्रांतीला पैलं ह्येच लावायचं. सांभाळ." गुंडाळी घेताना त्याचा हात माझ्या हाताला लागला, चांगलाच तापलेला होता. उन्हातून चालत आलाय म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं. आत ये म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. शेवटी बायकोच आतून आली. "भावजी, उभ्याउभ्या काय? बसा की, चहा टाकते." "नको वैनी, गल्लीतला ताणा उचलायचाय," म्हणून तो गेलासुद्धा. कोपऱ्यावर वळताना त्याने मागे पाहिलं असेल का, हे मला सांगता येत नाही, कारण मी पाहत नव्हतो.

तीन आठवड्यांनी त्याच्या गल्लीतले मल्लय्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. तिसरीच्या वर्गाला मी पाढे म्हणायला लावले होते. मल्लय्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, व्यंकटेश गेला की. ताप उतरलाच न्हाई." मी त्यांना विचारलं, "कसला ताप?" आजारी असल्याचंच मला ठाऊक नव्हतं. मुलं पाढे म्हणत होती, मी त्यांना थांबवलं नाही आणि तसाच अनवाणी निघालो. आज त्याला पाच आठवडे होतील. या पाच आठवड्यांत मी एका जागी धड बसलेलो नाही. खुर्चीत बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जावं ते कळत नाही. त्याची खोड मला लागली की काय, असं बायको म्हणते. ती चेष्टेनं म्हणते, पण मला ते बरं वाटतं.

व्यंकटेश माझ्याच वर्गातला. त्याच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी, आणि बाजारात दखनी. तिन्हीत तो सारखाच भरभर बोलायचा. घरात दोन हातमाग, बाप लहानपणीच गेलेला, आई राबायची. तिला आम्ही सगळेच अम्मा म्हणायचो. मी मात्र कारकुनाचा मुलगा, स्वच्छ टोपी, टोकदार पेन्सिल, आणि ड्रॉइंगमध्ये वर्गात पहिला. हे पहिलेपण मला फार प्रिय होतं. आम्ही बारा वर्षांचे असू. गोसावी मास्तरांनी एक दिवस स्टुलावर पितळी लोटा ठेवला आणि काढा म्हणाले. लोट्याला एका बाजूला पोचा होता. माझ्या बाकावरून तो समोरच दिसायचा. मी हळूच हात वर करून मास्तरांना म्हटलं, "इथून उजेड बरोबर येत नाही," आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसलो. तिथून लोटा अगदी गोल गरगरीत दिसत होता. मी तो तसाच काढला, दोन्ही अंगं सारखी, काठ कंपासने काढल्यासारखा. मला दहापैकी दहा मिळाले.

व्यंकू माझ्या सोडलेल्या जागेवर सरकला होता. त्याने पोचा काढला होता. नुसता पोचा नाही, त्या पोच्यात अंगठा बसवून कुणीतरी तो लोटा वर्षानुवर्षं उचललाय, असं दिसत होतं. स्टुलावर पाण्याचा ओला गोल होता, तोही होता. बाकी अंगं वाकडीतिकडी. मास्तर त्याला भरपूर बोलले, काठ सरळ काढता येत नाही म्हणून. मुलं गेल्यावर मी टोपी विसरली म्हणून परत आलो, तर मास्तर खिडकीपाशी उभे होते. हातात व्यंकूचा कागद. मी आलेलं त्यांना कळलंसुद्धा नाही. माझ्या दहापैकी दहाच्या कागदाकडे ते असे कधी पाहत राहिले नव्हते... आणि पाहणार नव्हते, हे मला त्या वयातही कळलं. त्या दिवशी शाळेमागच्या भिंतीशी मी माझा लोटा चुरगळून फेकून दिला. पुढे परीक्षेपुरतं काय काढलं असेल तेवढंच. कुणी विचारलं की मी म्हणायचो, आमच्यात चित्रकार एकच, तो व्यंकू. लोकांना यात माझा मोठेपणा दिसायचा. होता तो निव्वळ जळफळाट.

मात्र एक गोष्ट खरी. स्वतः हात आवरल्यावर मी त्याच्यासाठी जिवाचं रान केलं. दोन्ही ग्रेड परीक्षांना त्याला मीच ओढत नेला. पुढे गोसावी मास्तरांनी ओळखी काढून मुंबईला शिकण्याची सोय लावली, तेव्हा त्याची ट्रंक मी भरली. स्टेशनवर अम्मा रडत होती आणि व्यंकू डब्यात या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होता. मला वाटलं, सुटलो. आता हा मोठा होईल आणि मी का थांबलो याला काही अर्थ येईल. आठ महिन्यांत तो ट्रंकेसकट परत आला. मास्तर हादरले. मी तर दोन दिवस त्याच्याकडे फिरकलोच नाही. तिसऱ्या दिवशी तोच आला आणि ओट्यासमोर येरझारा घालत सांगू लागला. "तितं मोठी प्रदर्शनं असत्यात रे. लई भारी चित्रं. पण बघायला बूट घालून यावं लागतंय. दारात माणूस उभा असतोय. अम्माला तितं कोण सोडील? मी काढायचं, आन् अम्मानं बघायचंच न्हाई, ह्ये काय खरं हाय?" मी म्हटलं, "म्हणून शिक्षण सोडायचं?" तर म्हणाला, "शिकलो की आठ महिने. आता दोरी बांधायची हाय."

दोरी म्हणजे काय, ते आधी मला कळलंच नाही. त्याच्या गल्लीत सकाळी सुताला खळ लावून ताणे वाळत घालतात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंट रोवलेले असतात, त्यावर सूत ताणलेलं असतं आणि तोवर गल्ली फक्त सुताची, तिथून कुणी आडवं जात नाही. ऊन चढलं की ताणे उचलतात, खुंट तेवढे मोकळे उरतात. त्या खुंटांना व्यंकूने दोरी बांधली. आपली, मास्तरांच्या शिष्यांची, गल्लीतल्या बायकांची, ज्याने जे काढलं ते गोळा केलं. कागद वाऱ्यानं फाटू नयेत म्हणून प्रत्येक चित्र जुन्या धोतराच्या तुकड्यावर चिकटवलं. आणि कशाने? ज्वारीच्या पिठाच्या खळीने. विणकरांच्या घरात सगळ्या दुखण्यांवर खळ हेच औषध, दुसऱ्या कशाने काही चिकटतं हे त्यांना पटतच नाही. चित्रांखाली नावं घालायची नाहीत, असंही त्याने ठरवलं होतं. नाव वाचलं की लोक चित्र बघत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

त्या पहिल्या दिवशी मी गेलो, नाक वर करूनच गेलो. पंचवीस-तीस चित्रं असतील. अर्धी मेंदीची नक्षी आणि मोर. एका टोकाला, बरंच उंच, कुणीतरी काढलेला लोटा होता. मी व्यंकूला म्हटलं, "हा कुणाचा? रेघ स्वच्छ आहे, पण याने जन्मात कधी लोटा हातात धरलेला दिसत नाही." व्यंकू हसायला लागला. इतका हसला की खाली मातीत बसला. त्याला बसलेला मी फार थोड्या वेळा पाहिला, त्यातली ही एक. माझं मत एवढं हसण्यासारखं काय होतं ते मला कळेना, आणि रागही आला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून शेळ्या शिरल्या. मोहोळकडचा एक म्हातारा धनगर आपलं खांड बाजाराकडे नेत होता. शेळ्यांना ज्वारीच्या खळीचा वास लागला... मग काय विचारता. बायका धावल्या, मल्लय्या काठी घेऊन धावले, अम्मा तेलुगूत शिव्या देत होती, आणि शेळ्या दोन पायांवर उभ्या राहून मोर खात होत्या. अकरा चित्रं पोटात गेली. लोट्याचाही एक कोपरा गेला.

धनगर गयावया करायला लागला. "आता म्या काय करू? मुकं जनावर हाय, त्याला काय कळतंय?" व्यंकूने त्याच्या हातात कोळसा आणि कागद दिला. "भरपाई म्हणून एक शेळी काढून द्या." "मला कुटं येतंय?" "तुमी रोज शेळी बघताय. मी न्हाय बघत." म्हाताऱ्याने पाऊण तास घाम गाळून शेळी काढली. मान एवढी लांब आणि तोंड एवढं पुढं, की ती शेळी नसून भूकच होती. व्यंकूने ती दोरीवर सगळ्यात शेवटी लावली आणि म्हातारा निघाला तेव्हा गुंडाळी करून त्याच्याच खांद्यावर दिली. पुढच्या संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली, तेव्हा म्हातारा तीच शेळी मोहोळहून गुंडाळून घेऊन आला आणि विचारू लागला, "ही कुटं बांधायची?" दोरी अजून मोकळीच होती. तेव्हा अम्मा म्हणाली, "पैलं हेच लाव. सांधणी कर."

सांधणी म्हणजे सांगायला पाहिजे. मागावरचा ताणा संपत आला की विणकर तो शेवटपर्यंत विणत नाहीत. थोडं सूत मागात तसंच ठेवतात, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला पीळ देऊन जोडतात. हजारो धागे, एकेक. माग रिकामा झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून ओवावं लागतं. अम्मा दिवस दिवस हे काम करायची, अंगठा आणि बोट, अंगठा आणि बोट. व्यंकूची खोड कुठून आली हे उघड आहे. तर त्या दिवसापासून नियमच झाला. गेल्या दोरीचं शेवटचं चित्र ज्याचं, त्याने ते वर्षभर घरी सांभाळायचं, आणि नव्या दोरीवर पहिल्यांदा स्वतः येऊन बांधायचं. आणि खळीत कडुलिंबाचा रस घालायचा, हा दुसरा नियम.

त्यानंतर माणूस हाती लागेना. आज बार्शीला, उद्या अक्कलकोटला. पिशवीत दोरी, पाठीला गुंडाळ्या. अक्कलकोटकडे कानडी बायका याच्याशी कानडीत बोलायच्या, हा तेलुगूत उत्तरं द्यायचा आणि चित्रं मात्र निघायची. गोऱ्या सरकारने गावात मार्शल लॉ लावला, त्या वर्षी चार माणसांनी एकत्र उभं राहायची चोरी होती, तर याने गुंडाळ्या घरोघर नेल्या. एका घरात दहा मिनिटं चित्र धरून उभं राहायचं, की पुढचं घर. कुणी चित्र काढत असलं की शेजारी उभा राहायचा, पण कधी बोट लावायचा नाही. मी म्हणायचो, "अरे, तो हात चुकलाय, दुरुस्त कर." तो म्हणायचा, "त्याचा हात हाय तो, मी कोण दुरुस्त करनारा?" त्याची स्वतःची चित्रं मात्र अर्धवट पडून होती. पोटासाठी लुगड्याच्या काठांची नक्षी काढून द्यायचा, उरलेला वेळ दोरीला. मी आतल्या आत धुमसत होतो.

सहा वर्षांत त्याने एकच चित्र पुरं केलं. अम्माचे हात. सांधणी करतानाचे, जवळून, बाकी काही नाही. ते घेऊन मी दारातल्या उजेडाशी गेलो. मी बारा वर्षांचा असताना मास्तर खिडकीपाशी का उभे राहिले होते, ते मला त्या दिवशी पुरतं कळलं, आणि जळफळाटही वाटला नाही, नुसता आनंद झाला. मी हात जोडून म्हटलं, "हे मुंबईला पाठव." तो बरं म्हणाला. तीन महिन्यांनी मी त्याच्या गल्लीतल्या एका घरी गेलो, तर चुलीच्या वर भिंतीला तेच चित्र. घराघरांतून महिना महिना फिरवत होता म्हणे. धुरानं अम्माची बोटं काळी पडली होती. माझा तोल गेला. त्याला रस्त्यात गाठून चारचौघांत ओरडलो. तो म्हणाला, "काळं झालं तर झालं. चार घरांनी जेवताना बघितलं की." मी म्हटलं, "तुझ्यासाठी मी हातातली पेन्सिल टाकली, आणि तू त्याचं हे केलंस! तू चित्रकार राहिला नाहीस व्यंकू, दोरीवाला झालास." तो प्रथमच जागच्या जागी थांबला. पाय हलत नव्हते. अंगठाही नाही. "माज्यासाठी टाकलीस?" एवढंच त्याने विचारलं. मी पाठ फिरवून निघून आलो. त्यानंतर आली ती दोरी मी पाहायला गेलो नाही.

आता कळलं असेल, दिवाळीनंतर त्याने आणून दिलेली गुंडाळी मी का उघडली नाही. मला खात्री होती, ते काळं पडलेलं चित्र आहे. मी ओरडलो म्हणून मलाच सांभाळायला आणून दिलं, बघ आता तूच. रागाने मी ती कपाटावर टाकली. आणि तो गेल्यावर तर तिला हात लावायचं धैर्य होईना... त्या काळ्या बोटांकडे आता कसं पाहणार होतो?

परवा अम्माकडे गेलो. ती मागापाशी बसली होती. व्यंकूने अर्धा विणलेला ताणा तसाच होता. अम्माचे हात मांडीवर स्वस्थ पडलेले मी कधी पाहिले नव्हते. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "बाबू, संक्रांत आली. तू कदी आनतो?" मी म्हटलं, "अम्मा, ते त्याचं चित्र आहे, ते मी आणून देतो, पण बांधायचं तुम्ही." तिने मान वर केली. "त्याचं? त्याचं तर हितं हाय," आणि तिने मागच्या भिंतीकडे हात केला. काळ्या बोटांचं चित्र तिथेच लटकत होतं. "तुजं तुज्याकडं."

मी घरी कसा आलो ते आठवत नाही. लुगड्याचा काठ सोडवताना गाठ सुटेना, बायकोने विळीने कापली. आत एक लोटा होता. दोन्ही अंगं सारखी, काठ कंपासने काढल्यासारखा, कागदभर चुरगळल्याच्या रेघा, आणि धोतराच्या तुकड्यासकट एक कोपरा शेळीने खाल्लेला. कोपऱ्यात गोसावी मास्तरांच्या लाल शाईची एक शेपटी उरली होती. याने जन्मात कधी लोटा हातात धरलेला दिसत नाही, असं मीच म्हणालो होतो... मागं काही लिहिलं असेल म्हणून उलटून पाहिलं. खळीचे डाग होते, बाकी काही नाही. मी फेकलेला कागद त्याने भिंतीपासून उचलला होता, चौदा वर्षं जपला होता, पहिल्या दोरीवर लावला होता, आणि मी त्याला नको ते बोलल्यावर शेवटच्या दोरीवर सगळ्यात शेवटी लावला होता. म्हणजे मी न्यायला यावं म्हणून. म्हणजे संक्रांतीला मलाच यावं लागावं म्हणून. माझं टोक त्याने मागात तसंच ठेवलं होतं. आणि मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. हे लिहितानाही मला दोनदा उठावं लागलं.

संक्रांत आठवड्यावर आली आहे. मल्लय्या खुंट पक्के करताहेत. पहिलं चित्र मी बांधेन, सगळ्यांसमोर, हे तर ठरलंच. पण या दोरीचं शेवटचं चित्रही मला नव्याने काढून द्यायचं आहे. म्हणून काल बायकोकडून घरातला पितळी लोटा मागून घेतला आणि टेबलावर ठेवला. चार कागद वाया गेले. काठ जमत नाही. सकाळी ती म्हणाली, "पाणी कशानं घेऊ? लोटा कधी देताय?" मी म्हटलं, "आज नाही." तिने लोट्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "याला पोचा आहे की हो, दुसरा देऊ का?" मी नको म्हटलं. ती गेल्यावर मी लोटा फिरवून पोच्याची बाजू माझ्याकडे केली आणि पाचवा कागद घेतला.